ठकूला खाली उतरवलं त्याची गोष्ट

माझ्या नणंदेबद्दल मी चांगलं बोलणार आहे म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या काही जणींच्या भुवया वर जातील. जाऊ देत. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, हे मी कधी नाकारलं नाही. मी भांडी एका जागी ठेवायची, ती दुसऱ्या जागी. मग एकदा मला ताप आला, आणि ही बाई कामावरून आली की ग्रीसने काळे झालेले हात घासूनपुसून माझ्या उशाशी बसायची आणि यार्डातल्या गमती सांगून मला हसवायची. तिथून आमचं जमलं ते जमलंच.

घरात तिला ठकू म्हणतात. यार्डात मात्र ती ‘वरच्या ताई’. यार्ड म्हणजे जिथे मालगाड्या आणि ट्रक रिकामे होतात ते मोठं मैदान. तिथे बाकीच्या ऑपरेटरांच्या काही बुटक्या क्रेन आहेत आणि दोन उंच, समोरासमोर. एकीच्या केबिनमध्ये आमचे हे बसतात, दुसरीत त्यांची धाकटी बहीण ठकू. आणि मी खाली कॅन्टीनच्या काउंटरवर. सगळं घर एकाच फाटकातून आत जातं आणि एकाच फाटकातून बाहेर येतं.

ठकूची एक सवय सांगते. चपला घ्यायच्या असल्या तरी ती चार जणांना विचारते. मला विचारेल, ह्यांना विचारेल, फाटकावरच्या वॉचमनला विचारेल. मग दुकानात जाऊन आधी मनात होत्या त्याच घेऊन येते. मी एकदा चिडून म्हटलं, “घ्यायच्या त्याच होत्या तर आमचं डोकं कशाला खाल्लंस?” तर म्हणाली, “विचारल्याशिवाय करमत नाही गं वहिनी.” तिने लग्न केलं नाही. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते, पण रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन लसूण सोलत बसते. एकटं बसायला आवडत नाही, असं सरळ सांगते.

आमचे हे कुणाला काही विचारत नाहीत. कपाटासमोर उभे राहतात आणि हवेत बोलतात, “निळा शर्ट.” एवढंच. पुढे प्रश्नचिन्ह नसतं, म्हणून ते विचारणं नव्हे. मी शर्ट काढून दिला की तो त्यांचा त्यांनीच शोधलेला असतो. मी माहेरी निघाले की म्हणतात, “जा की, रहा हवं तितकं, इथे कुणाचं काही अडत नाही.” मी परत येते तेव्हा माणूस निम्मा झालेला असतो. पण अडलेलं काही नसतं हं.

तर झालं असं. दुसऱ्या कुठल्याशा यार्डात एका ऑपरेटरने ऐन कामात हातपाय गाळले आणि अपघात झाला. मग कंपनीने फर्मान काढलं की सगळ्या क्रेन ऑपरेटरांची मानसिक चाचणी घ्यायची. त्यात एक गोष्ट बघायची होती, की माणूस किती परावलंबी आहे. ज्याला सतत कुणाचा तरी आधार लागतो त्याला एवढ्या उंचावर एकटं बसवायचं नाही. ऐकायला बरोबर वाटतं. मलाही तेव्हा बरोबरच वाटलं होतं.

चाचणी घ्यायला एक बाई आल्या. चष्मा, पाठीला पिशवी, बोलायला गोड. टेबलं फक्त कॅन्टीनमध्ये, म्हणून सगळे कॅन्टीनमध्येच बसले. छापील कागदावर एकेक वाक्य होतं आणि पुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ यावर खूण करायची. मी चहा वाटता वाटता ह्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ‘ठरवण्याआधी मी जवळच्या माणसांचा सल्ला घेतो किंवा घेते.’ ह्यांनी चूक. ‘एकटं राहायला मला नको वाटतं.’ चूक. माझा चहा बशीत सांडला, हसू दाबायचं म्हणजे काय खायचं काम आहे? सगळा कागद त्यांनी ‘चूक’ने भरला आणि ताठ मानेने नेऊन दिला. त्यासाठी पेन माझ्याकडूनच घेतलं होतं, तेही परत दिलं नाही.

ठकूने मात्र प्रत्येक वाक्यावर विचार केला. ‘दुसऱ्याने होकार दिल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही.’ हे वाचून तिच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? तिचं काम. केबिनमधून सगळं दिसत नाही. हुक मालाच्या थप्पीमागे उतरला की ऑपरेटर आंधळा असतो. खाली सिग्नल देणारा माणूस उभा असतो. तो हाताने सांगतो, उचल, थांब, डावीकडे, हळू. त्याचा हात हलला नाही तर वरच्याने बोटसुद्धा हलवायचं नाही, हा यार्डाचा पहिला नियम. ठकूच्या क्रेनखाली जे उभे राहतात त्यांना सगळे मामा म्हणतात. पांढऱ्या मिशा, बोलणं कमी, सगळं हातांनी. ठकूने त्या वाक्यापुढे ‘बरोबर’ केलं. पुढच्यालाही ‘बरोबर’. लसूण सोलण्याचं आठवून एकटेपणाच्या वाक्यालाही ‘बरोबर’. घर आणि क्रेन तिने एकाच कागदात एक करून टाकलं, आणि खरं खरं लिहिलं.

त्याच दिवशी त्या बाईंनी एकेकाला बाजूला घेऊन आणखी एक प्रकार केला. शाईचे डाग पडलेले कागद दाखवायचे आणि विचारायचं, काय दिसतं? त्याचे मार्क कंपनी धरणार नव्हती, पण बाईंना ते बघायचं होतं. घरी आल्यावर ह्यांनी आम्हा दोघींना हसत हसत सांगितलं, “लहान मुलांचा खेळ नुसता. मी ठोकून दिलं. एक बाई, कडेवर मूल. मग दोन अस्वलं, एकमेकाला टेकून बसलेली. एकात तर वाढून ठेवलेलं ताट दिसलं मला.”

ठकू म्हणाली, “मलापण दोघं टेकून बसलेलेच दिसले, दादा. अस्वलं नव्हती, माणसं होती.”

“तुझं काय, तुला सगळीकडे माणसंच दिसतात,” हे म्हणाले आणि जेवायला बसले.

निकाल यार्डाच्या फळ्यावर लागला. आमचे हे पास, अगदी वरच्या नंबरात. बाकीचे पुरुष पास. ठकू नापास. शेरा होता, ‘परावलंबी वृत्ती अधिक, उंचावरील एकट्याच्या कामास अयोग्य.’ साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की उद्यापासून फाटकाजवळच्या खोलीत बसून ट्रकच्या पावत्या फाडायच्या.

ठकू कॅन्टीनमध्ये आली आणि काउंटरला टेकून उभी राहिली. मी तिला कधी रडताना पाहिली नव्हती, त्या दिवशीही ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “वहिनी, मला वर सोडून दुसरीकडे कुठे नीट श्वासच घेता येत नाही.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जी बाई भर वाऱ्यात झुलणारा माल टेबलावर कप ठेवावा तसा ठेवते, ती अयोग्य? आणि निळा शर्ट योग्य?

त्या रात्रीच्या जेवणावर मी ह्यांना म्हटलं, “तुम्ही खोटं लिहिलंत. जाऊन सांगा.”

“काय खोटं? मला लागतं का कुणी?” हे म्हणाले आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हातापासून वीतभर लांब असताना माझ्याकडे बघत राहिले. मी तांब्या सरकवला नाही. शेवटी स्वतः घेतला, पण चेहरा असा की जसं काही मीच त्यांच्यावर अन्याय केला.

ठकूच्या केबिनमध्ये दुसऱ्या यार्डातून बदलीचा माणूस आला. कामाला वाईट नव्हता. पण आमच्याकडे लांब लोखंडी गर्डर येतात. ते एका क्रेनने उचलता येत नाहीत. दोन्ही क्रेननी दोन टोकं धरायची आणि एकाच वेगाने वर घ्यायची. एकजण जरा पुढे गेला की गर्डर तिरपा होतो आणि खालच्यांचा जीव टांगणीला लागतो. हे काम इतकी वर्षं बहीण-भावाने केलं होतं. त्या दिवशी गर्डर आला, साखळ्या लागल्या, खालून मामांनी हात वर केला, बदलीच्या माणसाने क्रेन चालवायचा दांडा ओढला, आणि आमचे हे बसूनच राहिले. एक टोक उचललं गेलं, दुसरं जमिनीवर. मामांनी दोन्ही हात आडवे करून काम थांबवलं. हे खाली उतरले आणि म्हणाले, दांडा अडकतोय. मेकॅनिकने तासभर खोलून पाहिलं. दांड्याला काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साहेबांच्या कपाळाला आठ्या. दांडा का ‘अडकतो’ ते मला कळलं. संध्याकाळी मी पाहिलं, हे आमच्या जिन्यात उभे राहून वरच्या मजल्याच्या दाराकडे बघत होते. मी येताना दिसल्यावर जिन्याचा बल्ब तपासायला लागले.

मग त्या चाचणीवाल्या बाई पुन्हा आल्या. कंपनीच्या नियमात एकदा फेरचाचणी होती. आधी त्या ठकूला घेऊन माझ्या काउंटरजवळच बसल्या, म्हणून मी ऐकलं. म्हणाल्या, “सरळ प्रश्न विचारला की बायका जास्त वेळा हो म्हणतात आणि पुरुष नाही म्हणतात. फक्त इथे नाही, खूप ठिकाणी असंच दिसलंय. पण डाग दाखवून विचारलं, की दोघांमधला फरक जवळजवळ उरतच नाही. तिथे माणसाला कळत नाही की आपण काय कबूल करतोय.”

“म्हणजे पुरुष खोटं लिहितात?” मी विचारलं. मध्ये बोलायचं नव्हतं, पण तोंड आहे ना.

“खोटं म्हणता येणार नाही. लहानपणापासून ज्याने ‘मला कुणीतरी हवंय’ म्हटल्यावर चेष्टाच ऐकली, त्याला ते स्वतःलासुद्धा सांगता येत नाही. आणि बायकांना ते म्हणायची मुभा असते, उलट त्यांनी तसं म्हणावं अशीच सगळ्यांची इच्छा असते. मग कागदावर काय मोजलं जातं? गरज किती आहे ते थोडंसं, आणि कबूल करायची तयारी किती आहे ते बरंच.”

“मग लिहा की तसं,” मी म्हटलं.

“लिहिलंय. पण कंपनी मार्क मोजते. आणि दुसऱ्या कुणाचे डाग मी दाखवू शकत नाही. ज्याचे त्याने सांगितले तर गोष्ट वेगळी.” मी मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं. हे गाडी सुटत असल्यासारखे घाईघाईने ब्रेड खात होते.

फेरचाचणीच्या आधी सगळे पुरुष ठकूच्या भोवती जमले. सगळ्यांचा तिच्यावर जीव होता, खोटं कशाला बोलू. एकजण म्हणाला, “ताई, डोळे मिटून सगळ्याला चूक म्हणा. आम्ही तेच केलं.” हेही म्हणाले, “ठकू, चूक, चूक, चूक. संपलं. उद्या तू वर.”

“पण ते खरं नाहीये, दादा.”

“खऱ्याला काय चाटायचंय? केबिन हवी की नको?”

हवी होती. तिला दुसरं काहीच नको होतं. तिने होकाराची मान हलवली.

या वेळी बाई वाक्यं वाचणार आणि ठकू तोंडी सांगणार असं ठरलं. साहेब साक्षीला बसले. बाईंनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. सगळे बाहेर गेले आणि खिडक्यांना लटकले. बाई उठून खिडक्या लावायला लागल्या तर ठकू म्हणाली, “राहू द्या. शेरा तर फळ्यावर लागलाय, आता काय झाकायचं?”

बाईंनी वाचलं, “ठरवण्याआधी मी जवळच्या माणसांचा सल्ला घेते.”

“चूक.”

“एकटं राहायला मला नको वाटतं.”

“चूक.” आवाज इतका बारीक, की हीच का ती, वरून ओरडली की फाटकापर्यंत ऐकू जाते ती, असं वाटावं.

“दुसऱ्याने होकार दिल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही.”

खिडकीत मामा उभे होते. ठकूने त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी तिला हाताने सांगितलं, बोल, चालेल. तिच्या उत्तरातून स्वतःलाच पुसून टाकायची परवानगी देत होते म्हातारे. ठकूचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

“थांब, ठकू,” दारातून आवाज आला. आमचे हे. आत आले, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. “बाई, आधी मला विचारा. माझाही कागद चुकलाय.”

साहेब म्हणाले, “अहो, तुम्ही पास आहात.”

“माहितीये. विचारा, बाई.”

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या. हे खाली टेबलाकडे बघत उत्तरं देत गेले. “बरोबर.” खिडकीत कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला कोपर मारलं. “बरोबर. दांडा अडकला नव्हता साहेब, ठकू समोर नसली की माझा हात उचलत नाही. लिहून घ्या.” मग बाईंनी वाचलं, “जवळचं माणूस सोडून जाईल अशी भीती मला वाटत राहते.”

ह्यांनी मान वर केली आणि थेट काउंटरकडे, माझ्याकडे पाहिलं. “बरोबर,” म्हणाले. “ही माहेरी जाते ना, तेव्हा दर वेळी.”

इतकी वर्षं मी या माणसाच्या ‘कुणाचं काही अडत नाही’वर चिडत आले. हातात फडकं होतं, ते मी धुतलेल्याच कपावरून फिरवत राहिले. खरं सांगते, मला त्यांचा राग आला, इतका उशीर केला म्हणून. आणि मला ते फार आवडले.

ठकू म्हणाली, “बाई, माझी मघाची उत्तरं खोडा. ती सगळी वाक्यं बरोबर आहेत.”

साहेबांनी घाम पुसला. “आता तुम्हीही नापास होता हो,” ते ह्यांना म्हणाले. “दोघंही खाली. नाही नाही, असं कसं. हे मला एकट्याला ठरवता येणार नाही. वरच्यांना विचारावं लागेल.” खिडक्यांमधून असा काही हशा उसळला की साहेबांना कळेना काय झालं. बाईंनीसुद्धा पदर तोंडाला लावला.

उत्तर यायला वेळ लागला. तोपर्यंत दोघंही पावत्या फाडत होते, आणि बदलीच्या माणसाला त्याच्या यार्डाने परत बोलावून घेतलं. पत्र आलं ते साहेबांनी कॅन्टीनमध्येच वाचून दाखवलं. लिहिलं होतं की पुरुष कर्मचाऱ्याने दुसऱ्या वेळी दिलेली उत्तरं बहिणीवरच्या प्रेमापोटी दिलेली दिसतात, म्हणून ती धरू नयेत, पहिला निकाल कायम. महिला कर्मचाऱ्याच्या दुसऱ्या उत्तरांनी मात्र पहिल्या निकालाला दुजोरा मिळतो, म्हणून तोही कायम.

एकच टेबल. तीच वाक्यं. एकच उत्तर, बरोबर. तो म्हणाला तर मोठं मन आणि ती म्हणाली तर कमजोरी. मी काउंटरवरचा डबा असा आपटला की आतली बिस्किटं मोडली.

साहेब ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, “मन मोठं आहे बरं का तुमचं. चढा आता, बाहेर गर्डरचे ट्रक उभे आहेत.”

“मोठं मन वगैरे काही नाही,” हे म्हणाले. “मी खरं बोललो होतो. एकटा चढून काय करू? गर्डरला दोन टोकं असतात.”

साहेबांनी बाहेर पाहिलं. ट्रकची रांग फाटकाबाहेर गेली होती आणि ड्रायव्हर भोंगे वाजवत होते. उंच क्रेन चालवणारा दुसरा ऑपरेटर नव्हता. साहेबांनी पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

“ताई,” ते म्हणाले, “आजच्या दिवस चढा.”

“आणि कागद?” ठकूने विचारलं.

“कागदाचं नंतर बघू.”

ती चढली. त्या दिवशी गर्डर कसे उचलले गेले ते बघायला मी कॅन्टीन उघडं टाकून बाहेर गेले होते. मामांचा हात वर गेला आणि दोन्ही टोकं एकदम जमिनीवरून सुटली.

त्याला आता बराच काळ झाला. कागदाचं अजून कुणी पाहिलेलं नाही. ठकू कागदोपत्री अयोग्य आहे आणि रोज क्रेन चालवते. रोज सकाळी साहेब फाटकात भेटतात आणि म्हणतात, “ताई, आजच्या दिवस चढा.” ती मान डोलावते आणि जाते. आमच्या ह्यांना असं कुणी म्हणत नाही.

परवा लसूण सोलताना मी तिच्यावर डाफरलेच. “रोजची ही भीक कशाला घेतेस? भांड ना त्यांच्याशी. एकदा सोक्षमोक्ष लावून घे.”

“भांडले तर परत चाचणी घेतील, वहिनी,” ठकू म्हणाली. “आणि परत विचारलं तर मी परत खरंच सांगेन.”